टकलावरचा डाग

दुधभाते सरांनी तीस वर्षं सोलापूरच्या उन्हात उघड्या डोक्यानं कवायत घेतली. टकलावर खरखरीत डाग उठला, तेव्हा “मैदानाची माती आहे,” म्हणून हसले. डॉक्टरीणबाईंनी मात्र त्याचा तुकडा काढून तपासायला पाठवला. साध्या तपासणीत निकाल लागेना, म्हणून त्या तुकड्याला खास रंग लावून पाहायचं ठरलं. प्रश्न एकच होता: वाईट पेशी कातडीच्या वरच्या थरातच आहेत, की खाली शिरल्यात?

निकालाची वाट पाहण्याच्या चार दिवसांत इंदुमतीबाईंनी नवऱ्याला सुखानं जेवू दिलं नाही. “टोपी घाला म्हणून घसा कोरडा झाला माझा! टक्कल मिरवायची हौस होती ना?” दवाखान्यातल्या बाकावरही त्यांच्या तोंडाचा पट्टा चालूच होता.

डॉक्टरीणबाई रिपोर्ट घेऊन आल्या. “सर, कॅन्सर नाही, त्याच्या आधीची पायरी आहे. पेशी खाली उतरलेल्या नाहीत. डाग गोठवून काढून टाकू.”

सरांनी हुश्श केलं आणि बायकोकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

“अगं, काय झालं?” सर घाबरले.

“काही नाही हो,” पदरानं डोळे पुसत त्या म्हणाल्या, “चार दिवस तुमच्यावर ओरडण्यात गेले. रडायचं राहूनच गेलं होतं.”