जगलेलं रोप

पौर्णिमानं घरच्या वांग्याचा आणि म्हसा गावच्या माळावरच्या रानटी काटेरिंगणीचा संकर केला. अशा संकराचं बी पिकायच्या आतच मरतं, म्हणून तिनं कोवळ्या बियांतले गर्भ सुईनं अलगद काढून प्रयोगशाळेत बाटल्यांमध्ये वाढवले. त्यातून जगलं एकच रोप. त्याला बाहेरच्या हवेची सवय व्हावी म्हणून तिनं ते कुंडीत लावून किन्हवलीला आईकडे ठेवलं आणि चारचारदा बजावलं, "आई, माझं सगळं संशोधन या कुंडीत आहे. ती रिकामी दिसता कामा नये."

"नाय दिसणार गो. जा तू निवांत," आई म्हणाली.

महिन्याभरानं पौर्णिमा घरी आली, तर रोप मस्त तरारलेलं. तिनं बॅगेतून भिंग काढलं, कुंडीपाशी उकिडवी बसली आणि आपल्या मार्गदर्शक सरांना व्हिडिओ कॉल लावला.

"सर, पानावरची ही लव बघा, थेट काटेरिंगणीची! देठावरचा हा काटासुद्धा तिचाच. आणि शिरांचा जांभळा रंग आपल्या वांग्याचा. दोघांचे गुण कसे स्वच्छ दिसतायत!"

सरांनाही ते स्वच्छ दिसले. शाबासकी देऊन झाल्यावर त्यांनी कौतुकानं आईला फोनवर बोलावलं आणि विचारलं, "इतकं नाजूक रोप तुम्ही जगवलंत तरी कसं?"

आई पदराला हात पुसत पुढे आली.



"त्यात काय सर! शेतात एखादं रोप मेलं का आमी त्या जागी लगेच दुसरं लावतो. हिचं मेलं तवापण वाफ्यातलं घरचं वांगं लावलं."