राखलेलं बेणं

"न्हाई बाबू, मी हात लावणार न्हाई," हौशीराम हमाल म्हणाला आणि मागं सरला. त्याच्या मागचे हमालही सरले.

दौंडच्या फलाटावर मुंबईची गाडी उभी होती. माकडांचे बाकीचे पिंजरे मालडब्यात चढले होते. हा शेवटचा तेवढा राहिला होता, पोटाशी पिलं धरून बसलेल्या माद्यांचा. दुपारपर्यंत तोही इतरांसारखाच होता. आता त्याच्या गजांवर, फळ्यांवर, माद्यांच्या डोक्यांवरसुद्धा पिवळीजर्द पूड उधळलेली होती. भंडारा! भंडारा लागलेलं जनावर बिरोबाचं. धनगर ते विकत नाही, कापत नाही, दुसऱ्याला नेऊही देत नाही. आणि दौंडचे निम्मे हमाल धनगरांच्या घरचे.

पार्सलबाबू बन्यामीनला घाम फुटला. इंजिनाचं पाणी भरून होत आलं होतं.

ठेकेदाराचा थयथयाट चालला होता. नाव मारुतराव आणि धंदा माकडं विकायचा, आता हसावं की रडावं! "ही त्या म्हातारीची करणी," तो ओरडला. "कुठाय ती?"

कुशाबाई स्टेशनमास्तरांच्या दारातच बसून होती. सकाळपासून हलली नव्हती, हे साऱ्या स्टेशनानं पाहिलं होतं. ती आली, पिंजऱ्यावरची चिमूटभर पूड उचलून तिनं कपाळाला लावली. तिचे डोळे भरून आले.

"बिरोबाची आण, म्या न्हाई क्येलं," ती म्हणाली.

सकाळी ती वरवंडच्या माळावरून चालत आली होती. पदराच्या गाठीत गावाची वर्गणी होती. कुणी लोकर विकून दिलेली, कुणी कोंबडी विकून. "येवढा येकच पिंजरा सोडा, मालक," ती काकुळतीला आली होती. "बाकीची न्या. पाबळकडच्या डोंगरात तुमच्या मान्सांनी येक माकड ठिवलं न्हाई. आमच्या बनातली हीच शेवटची. आमी कळप इकतो, पर बेणं राखतो. बेणं गेलं म्हंजी समदंच गेलं."

मारुतराव खो खो हसला होता. "आजी, तुझ्या वर्गणीत माझा चहासुद्धा होत नाही. बाबू, सांगा हिला. पोलिओची लस निघते यांच्यापासून. साहेबलोक वाट बघतायत."

बन्यामीन पावत्या चाळू लागला. शेजारीच त्याची बायको राहेल जेवणाचा डबा घेऊन उभी होती. कडेवर रूथ होती. पाच वर्षांची पोर, पण डावा पाय चिंधीसारखा लोंबत होता. आणि राहेलचे दिवस भरत आले होते.

तीच फटकन बोलली होती. "जाऊ द्या सगळी! माझं एक लेकरू लुळं झालं. दुसऱ्याला तरी ती लस मिळू दे."

कुशाबाईनं तिच्या पोटाकडे पाहिलं. तिचा आवाज मऊ झाला. "खरं हाय बाई तुजं. पर ही संपली, तर तुज्या नातवाला लस कशाची काढत्याल?"

राहेलनं डबा ठेवला आणि घरची वाट धरली होती.

आता गार्डानं शिट्टी फुंकली. मारुतरावानं बन्यामीनचा दंड धरला. "बाबू, तुम्ही ख्रिस्ती. तुम्हाला काय त्या भंडाऱ्याचं? एका बाजूनं तुम्ही धरा, एका बाजूनं मी."

खरंच होतं. त्याला बिरोबाचं भय नव्हतं. त्याला भय राहेलचं होतं, घरी जाऊन तिला काय सांगू याचं. रूथच्या पायाला रोज तेल चोळणारे तिचे हात त्याच्या डोळ्यांपुढे आले. तो वाकला, त्यानं पिंजरा धरला. आतली एक मादी वळून पाठमोरी झाली आणि तिनं पिलू आणखी पोटात घेतलं. बन्यामीननं हात काढून घेतला.

"जड आहे," तो म्हणाला. "दोघांच्यानं उचलायचा नाही."

खोटं होतं ते. गाडी सुटली.

मग मारुतराव नरमला. खाणारी तोंडं पिंजराभर, आणि हात लावायला कुणी तयार नाही. सकाळी हसून झिडकारलेली वर्गणी त्यानं आता हिसकावूनच घेतली. आणि गंमत बघा, आगगाडीत न चढणारा तोच पिंजरा हमालांनी "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" म्हणत एका झटक्यात बैलगाडीत चढवला. दर सुगीला अशीच वर्गणी काढायची आणि बनाला पगारी राखणदार ठेवायचा, हे कुशाबाईनं गाडीवाल्याशेजारी बसता बसता जाहीर करून टाकलं.

बन्यामीन घरी निघाला, पण पाय उचलत नव्हते. दिवेलागणीला तो दारात उभा राहिला. राहेल चुलीपुढे पाठमोरी बसली होती.

"एक पिंजरा राहिला गं," तो भीत भीत म्हणाला. "माझ्यानं उचलवला नाही."

"हं," राहेल म्हणाली. "बसा जेवायला. भाकरी निवतेय."

तो पाटावर बसला. मिणमिणत्या कंदिलात तिनं ताटं वाढली.

"बाबा, आज आमटी पांढरीफटक," रूथ म्हणाली.

"हळद संपली," राहेल म्हणाली.

"संपली? अगं, परवाच तर डबा भरला ना?"

"आधी प्रार्थना. मिटा डोळे."

तिनं स्वतःचे डोळे मिटले आणि हात जोडले. बन्यामीनचे मात्र मिटायचे राहिले. घासून घासून लाल झालेल्या तिच्या हातांची दहाही नखं अजून पिवळी होती.