काळी झेरॉक्स

'पुन्हा खेळूया का?' हा अण्णांचा कालचा निरोप. त्याचाही मी स्क्रीनशॉट काढला. शुक्रवारी लुडोचा तो ऑनलाइन खेळ कायमचा बंद होणार होता.

इंजिनिअरिंग अर्धवट सोडून मी बेकरीचं काम शिकायला पुण्याला आले, तेव्हापासून दोन वर्षं अण्णा माझ्याशी बोलले नव्हते. पण रोज चारचा चहा झाला, की मिरजेहून त्यांचं लुडोचं बोलावणं यायचं. खेळात स्वतःचं काही लिहिता येत नसे. सात तयार वाक्यं होती, त्यातलंच एक निवडून पाठवायचं. बापलेकीचं सगळं त्या सातांत चाललं होतं.

तेवढ्यात आईचा फोन आला. "तुझे अण्णा झेरॉक्सवाल्याशी भांडून आलेत. मोबाइल काचेवर पालथा ठेवला आणि म्हणे, प्रत काढ. निघाला काळाकुट्ट कागद!"

"कसली प्रत?"

"तू खेळात पाठवलेल्या वाक्यांची. तो काळा कागदसुद्धा घडी घालून पाकिटात ठेवलाय."

"फोन दे त्यांना."

पलीकडे बराच वेळ नुसतं खाकरणं चाललं. मग आवाज आला, "काल माझी सोंगटी अगदी घराच्या तोंडाशी मारलीस. शोभतं का तुला?"

"शनिवारी पट घेऊन येते, अण्णा. काढा वचपा."

"पट आहे घरात," ते म्हणाले. "तू भाजलेला पाव आण."