चौथ्या गिअरात

टोचनगाडीच्या हुकाने ट्रकचं तोंड वर उचललं, तेव्हा त्याच्या चेपलेल्या केबिनमधून काचांचा चुरा घरंगळत रस्त्यावर पडला. टोचनवाल्याने साखळी ओढून पाहिली, पुन्हा एकदा ओढून पाहिली. ट्रक त्याच्या मेहुण्याचा. घाटाच्या या वळणावर ब्रेक लागेनासे होऊन तो कड्याला धडकला, त्याला दोन आठवडे होऊन गेले होते. माणसाचं सगळं उरकलं होतं. गाडी तेवढी उचलायची राहिली होती.

"दुसऱ्या कुणाला तरी पाठवू," गॅरेजवाला सकाळी म्हणाला होता.

"दुसरं आहे कोण?" टोचनवाला म्हणाला. तेही खरंच होतं. एवढं धूड ओढून नेईल अशी गाडी आसपास त्याची एकट्याचीच.

टोचनगाडीच्या केबिनमध्ये त्याची धाकटी बहीण, मेहुण्याची बायको, बसली होती. येऊ नकोस, असं त्याने परोपरीने सांगून पाहिलं होतं. "घरी सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसतात, दादा," ती म्हणाली. "तू निदान रस्त्याकडे बघशील."

तो चढून बसला, गाडी सुरू केली आणि उताराला लागला. मागचा ट्रक मुकाट्याने यायला लागला. त्याला स्वतःचे ब्रेक उरलेच नव्हते. दोन्ही गाड्यांचं वजन आता टोचनवाल्याच्या पायाखाली होतं. पाय आपोआप पॅडलवर गेला आणि तिथेच राहिला. दोन आठवडे त्याचं सगळं असंच आपोआप चाललं होतं. लोक यायचे, तो उठून उभा राहायचा. लोक जायचे, तो बसायचा. चहात साखर आहे की नाही हेसुद्धा जिभेला कळत नव्हतं.

"दादा, त्यांना गाडी येत होती ना चांगली?"

"येत होती."

"मग असं कसं झालं?"

हे तिने सगळ्यांना विचारून झालं होतं. मेकॅनिकने सांगितलं होतं, ब्रेकचे लायनर जळून कोळसा झाले होते, अख्खा उतार तो ब्रेकवरच आला असणार. पण का, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. नवशिका असता तर गोष्ट वेगळी. टोचनवाला जो भेटेल त्याला ऐकवायचा, "ब्रेक म्हणजे पाहुणा. रोज राबवलात तर रुसून निघून जाईल. राबायचं ते घरच्या इंजिनाने." त्यावर मेहुणा हटकून म्हणायचा, "इंजिनाचं राहू द्या हो, तुमची बहीणच मला पुरेसे ब्रेक लावते." आणि हसत हसत लहान गिअर टाकून, गाडी इंजिनावर धरून उतरायचा.

एक वळण गेलं. दुसरं गेलं. बहीण खिडकीची काच खाली करायला लागली, आणि मध्येच थांबली.

"कसला वास येतोय?"

त्यालाही येत होता. केव्हापासून, ते सांगता आलं नसतं. रबर आणि लोखंड एकत्र तापल्याचा, घशात बसणारा वास. त्याने पॅडल आणखी दाबलं. पाय खाली गेला, पण गाडीला ते कळलंच नाही. पुढचं वळण यायला हवं त्यापेक्षा लवकर जवळ येत होतं. मागचं धूड आता रेटायला लागलं होतं.

त्याने गिअरच्या दांड्याकडे पाहिलं. चौथा.

वर उताराच्या तोंडाशी दुसरा टाकायचा असतो, आणि तो चौथ्यात आला होता. तो. त्याला भीतीसुद्धा वाटली नाही. फक्त हात, इतकी वर्षं हेच करत आलेले, त्याला न विचारता कामाला लागले. क्लच, रेस, तिसरा. इंजिन किंचाळलं, गाडीने गचका खाल्ला, मागच्या साखळ्या खणखणल्या. बहिणीचं कपाळ डॅशबोर्डवर आपटता आपटता राहिलं. वळण अर्धं रस्त्यावरून, अर्धं गटाराच्या कडेने निघालं. पुन्हा क्लच, पुन्हा रेस, दुसरा. इंजिनाने आता दोन्ही गाड्या धरून ठेवल्या. शेवटी त्याने डावं चाक कड्याच्या बाजूच्या मातीत घातलं आणि हँडब्रेक ओढला.

इंजिन बंद झाल्यावर फार शांत वाटलं. पुढच्या चाकांतून धूर येत होता. दोघंही त्याच्याकडे बघत बसली.

तो म्हणाला, "असं."

"काय असं?"

"असं कसं झालं, विचारत होतीस ना. हे असं."

तिने पदराने तोंड पुसलं, मग त्याच पदराने त्याचं कपाळ पुसलं. तेव्हा त्याला कळलं की आपल्याला घाम फुटलाय.

"त्यांच्या मनात काय चाललं असेल रे, दादा?"

"काही नसेल," तो म्हणाला. "माझ्याही मनात काही नव्हतं."

तापलेल्या ब्रेकच्या ड्रमला हात लावता येईपर्यंत ती दोघं तिथेच थांबली. मग राहिलेला घाट तो दुसऱ्या गिअरात उतरला. इंजिन सारखं घुरघुरत होतं, पाय पॅडलला क्वचितच लागत होता.

खाली रस्ता सपाट झाला. घरं आली, दुकानं आली. मागे गाड्यांची रांग लागली, हॉर्न वाजायला लागले. एक सायकलवाला वळून वळून बघत त्यांना मागे टाकून गेला.

"दादा," बहीण हलकेच म्हणाली, "उतार संपला."

"हो," तो म्हणाला. दांड्यावरचा हात तसाच राहिला आणि गाडी दुसऱ्यातच चालत राहिली.