थोरली की धाकटी?

दामिनीला बघायला किन्हवलीहून पाहुणे धसईला आले होते. चहा झाला, शिक्षण विचारून झालं. मग मुलाच्या आईने, जनाबाईने विचारलं, "आठची मालिका बघतेस ना? त्यातली कुठली सून आवडते गो तुला?"

सगळे दामिनीच्या तोंडाकडे बघायला लागले. मालिकेतली थोरली सून नोकरीला जायची, सासऱ्यासमोर बोलायची, म्हणून ती दारात आली की धडकी भरवणारं संगीत वाजायचं. धाकटी सगळं सोसायची आणि देवापुढे रडायची. दामिनीला थोरलीच आवडायची. दाराआडून आईने डोळे वटारले.

"धाकटी," दामिनी म्हणाली.

"वळणाची हाय पोरगी," मुलाचे वडील म्हणाले. दामिनीच्या आईचा जीव भांड्यात पडला आणि ती सुपारी घेऊन बाहेर आली.

दामिनी कप घेऊन आत गेली. पाणी प्यायच्या निमित्ताने जनाबाई पाठोपाठ आली. तिने दार लोटलं आणि हळूच म्हणाली, "मला तर थोरलीच आवडते गो. आमच्या घरात असं बोलता येत नाय. तू खरं सांग."

दामिनीने कप मोरीत ठेवले. ही बाई मनातलं बोलत होती, की हा परीक्षेतला पुढचा प्रश्न होता?

"नाय, मला धाकटीच आवडते."

जनाबाईने पाण्याचा तांब्या भरला, पण न पिताच तो खाली ठेवला. मग बाहेर जाऊन नवऱ्याला म्हणाली, "तुमाला पायजे तशीच हाय."