उतू न गेलेलं दूध

"माणूस घरात राहत नाही, घर माणसात राहतं!" सुशांत म्हणाला.

वाक्य मोठं होतं. त्याला सभागृह हवं होतं, माईक हवा होता, पहिल्या रांगेत माना डोलावणारी चार माणसं हवी होती. मिळालं ते बाथरूमचं बंद दार.

दारामागून त्याची तेरा वर्षांची मुलगी क्षिप्रा म्हणाली, "मग मी तुझ्यात राहते. तू शहाडला चल."

सकाळीच शहाडचं घर सोडून मंडळी घोडबंदर रोडला बाविसाव्या मजल्यावर आली होती. सगळीकडे खोकी. मोकळी खोली अशी एकच, बाथरूम. ती क्षिप्राने ताब्यात घेतली होती.

निमित्त झालं दुधाचं. नव्या घरात पहिलं दूध उतू जाऊ द्यायचं, म्हणजे घर भरलेलं राहतं. घर बदलताना मुलांना कामात सामील करून घ्या, असं शाळेतल्या समुपदेशक बाईंनी सांगितलेलं, म्हणून सुशांतने हे काम क्षिप्राला दिलं. तिने ते मन लावून केलं. दूध वर आलं, काठाशी आलं, आणि तिने झटकन गॅस बंद केला. करणार काय? "दुधावर लक्ष ठेव" हे ऐकतच ती लहानाची मोठी झाली होती.

"अगं, बंद का केलास!" तिची आई वर्षाली ओरडली. आजवर उतू गेलं म्हणून बोलणी खाल्ली, आज गेलं नाही म्हणून. त्यात मंदाकिनीआत्या म्हणाली, "अपशकुन वगैरे काही नसतं गं. पण..."

त्या 'पण'वर क्षिप्राने अख्खा खटला उभा केला. दूध उतू गेलं नाही, म्हणजे गृहप्रवेश झाला नाही. गृहप्रवेश नाही, म्हणजे ती अजून शहाडचीच. आत्या शहाडलाच राहायची आणि सामान आणलेल्या टेम्पोतून परत निघाली होती. क्षिप्राला तिच्याबरोबर जायचं होतं. एका दिवसासाठी नाही, दहावी होईपर्यंत.

खाली टेम्पोवाला काळुराम खोळंबला होता. सुशांत गॅलरीत गेला आणि वाकून ओरडला, "काळुराम, पाचच मिनिटं!" हाक चौदाव्या मजल्यापर्यंत पोचली असावी. काळुरामने मान वर केली नाही. मग फोन लावला.

"दादा, चार वाजले की घोडबंदर जाम होतो," काळुराम म्हणाला. "मग मला पण तुमच्याकडेच झोपावं लागेल."

सुशांत परत दाराशी आला. बाईंनी मुलांना भावना बोलून दाखवू द्या असंही सांगितलं होतं.

"क्षिपू, तुला नेमकं काय वाटतंय, ते मोकळेपणी सांग."

"मला काही वाटत नाहीये. मला जायचंय."

"अगं, इथे स्विमिंग पूल आहे."

"उल्हास नदीजवळ राहून मला पोहता येत नाही. आता बाविसाव्या मजल्यावर येणार आहे?"

"क्लबहाऊस आहे. इंटरकॉम आहे. नऊ दाबला की थेट गेटवर."

"तिकडे जागृती खालून हाक मारायची, बाबा," क्षिप्राचा आवाज जरा खाली आला. "इथे हाक मारायला आहे कोण?"

सुशांतने हे बाईंना विचारलं नव्हतं. तो पुन्हा गॅलरीत गेला. तिथे काही सुचेना म्हणून स्वयंपाकघरात गेला. तिथे वर्षालीने तेच दूध दुसऱ्यांदा ठेवलं होतं. "आता बघ," ती म्हणाली. दूध वर आलं, आणि वर्षालीचा हात आपसूक बटणाकडे गेला. गॅस बंद. दोघं एकमेकांकडे बघत राहिली. दूध आता हळूहळू बासुंदीच्या मार्गाला लागलं होतं.

"सुशा, निघते रे मी," आत्या पिशवी उचलत म्हणाली. "पोरीला पाठवतोस का माझ्याबरोबर? सांभाळीन मी. खरंच सांभाळीन."

ते खरं होतं, हे सुशांतला ठाऊक होतं. तो बाथरूमच्या दाराशी जाऊन खाली फरशीवर बसला. बाईंची सगळी वाक्यं संपली होती.

"क्षिपू, आईला सांगू नकोस. मघाशी मी किल्ली घेऊन वर येत होतो ना, तर लिफ्टमध्ये दोन दाबलं. शहाडला दुसरा मजला ना आपला. उतरलो, डावीकडच्या दाराला किल्ली लावली. फिरेचना. जोर केला. एका बाईंनी आतून दार उघडलं. म्हणाल्या, कोण पाहिजे?"

"मग?"

"मला काही सुचेना गं. मी म्हटलं, सुशांत."

आत क्षिप्रा दाराजवळ सरकल्याचा आवाज आला.

"त्या म्हणाल्या, इथे कोणी सुशांत राहत नाही."

"मग तू काय म्हणालास?"

"बरं, म्हटलं. आणि जिन्याने वर आलो."

"वीस मजले?"

"लिफ्टमध्ये शिरायची भीती वाटली गं."

दारामागे काहीतरी फुसकन झालं. हसू होतं की रडू, ते त्या जाड दारातून कळेना. सुशांतने कान लावला. खालून काळुरामचा फोन वाजायला लागला. त्याने तो कापला. पुन्हा वाजला.

आत्या चप्पल पायात सरकवून दाराशी येऊन उभी राहिली. "क्षिप्रा, मी आता थांबत नाही हो. येतेस, की जाऊ?"

मग आत कुठलातरी नळ फिरवल्याचा आवाज आला, मग दुसरा.

"बाबा," क्षिप्रा म्हणाली, "यातला गरम पाण्याचा कुठला रे?"