अख्खं लिंबू

"थांब! थांबव गाडी!" धोंडबा मुकादम हातातली लाल झेंडी टाकून धावत आला.

मालधक्क्याच्या फाटकाच्या उतारावर ट्रेलर नुकता लागला होता. त्या बसक्या, लांबलचक ट्रेलरवर हिंगण्याच्या कारखान्याचा बॉयलर साखळदंडांनी बांधलेला. बॉयलरच्या डोक्यावर बांबू घेऊन बसला होता गोविंदा, ड्रायव्हर जागेश्वरचा धाकटा भाऊ. रस्त्यावरच्या तारा उचलून धरायचं काम त्याचं. जागेश्वरने ब्रेक दाबून खिडकीतून मान काढली.

"काय झालं गा?"

"मागच्या चाकाचं लिंबू फुटलंच नाही! चाक वरून गेलं, तरी अख्खं! मी नाही येत आता."

जागेश्वरचं डोकं सणकलं. गाडी निघताना चाकांखाली लिंबं ठेवायची ही धोंडबाची रीत. तेवढ्यापुरता जागेश्वर तोंड फिरवून विडी ओढायचा. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आल्या आल्या आईने घरातले देव काढले होते, त्यांच्याबरोबर लिंबू-मिरचीही गेली. धोंडबाशी वाद नको, म्हणून तो गप्प राही. पण लिंबापायी एवढा मोठा बॉयलर अडवायचा म्हणजे अतिच झालं. ते लिंबू लाथेनं उडवायचंच, असं ठरवून तो उतरला.

मागे आला, आणि त्याचा पाय उचललाच नाही.

लिंबू धुळीत पडलं होतं, पिवळंधमक. आणि उजवीकडच्या शेवटच्या चाकाखालून पलीकडचा उजेड दिसत होता. चाक जमिनीला टेकलंच नव्हतं.

"गोविंदा," तो वर बघत म्हणाला. "हळू उतर. इकडून, उजवीकडून."

बॉयलरखालचा डावीकडचा लाकडी ठोकळा उभा चिरला होता. सगळं वजन डाव्या अंगाला कललेलं. फाटकाच्या वळणावर ट्रेलर उलटलाच असता, गोविंदासकट.

जॅक लावून, नवा ठोकळा ठोकून, साखळ्या आवळेपर्यंत दुपार कलली. गोविंदा पुन्हा वर चढला. धोंडबा ताजी लिंबं घेऊन आला. पण आज त्यानं ती परस्पर ठेवली नाहीत.

"ठेवू का गा?"

जागेश्वरने वर गोविंदाकडे पाहिलं. लिंबानं वाचवलं म्हणावं, तर आईला तोंड कसं दाखवायचं? नको म्हणावं, तर वर भाऊ बसलेला. चाक अधांतरी होतं म्हणून लिंबू फुटलं नाही, यात न समजण्यासारखं काय होतं? तरी त्याला काही सुधरेना.

"ठेव," तो म्हणाला. "सगळ्या चाकांखाली ठेव."

गाडी कासवाच्या चालीनं हलली.

"फुटली! सगळी फुटली!" धोंडबा ओरडला.

तरी जागेश्वरने गाडी थांबवली आणि मागे आला. शेवटच्या चाकापाशी धोंडबा हात जोडून वाकला होता. त्याच्या शेजारी जागेश्वर गुडघ्यांवर बसला, दोन्ही तळवे जमिनीला टेकले, डोकं पार मातीपर्यंत नेलं आणि चाकाखाली उजेड दिसतो का ते बघू लागला.

वरून गोविंदाला दोन वाकलेल्या पाठी तेवढ्या दिसल्या.

"दादा," तो चकित होऊन म्हणाला, "तू बी पाया पडून राहिला का?"

जागेश्वरने मान वर केली. तळव्यांची माती पँटला पुसत तो उठला.

"घरी आईले सांगू नको," तो म्हणाला.